एकशे चाळीसच्या खाली

बुधवारी सकाळी मला कळा सुरू झाल्या. दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. ती रडली नाही. शुक्रवारी ती गेली.

एवढी पाच वाक्यं लिहायला मला अख्खा पावसाळा लागला. रोज कॉलेजातून आल्यावर टेबलाशी बसायचे, पहिलं वाक्य लिहायचे आणि उठून कुकर लावायचे. आता वाक्यं झाली आहेत, तर बाकीचंही सांगून टाकते. त्यातलं बरंचसं ठोक्यांबद्दल आहे. आमच्या घरात ते सगळे महिने दुसरं काही मोजलंच गेलं नाही.

तिचे ठोके मी पहिल्यांदा ऐकले ते डॉक्टर मॅडमच्या तपासणीच्या खोलीत. त्यांनी पोटाला गार जेल लावलं आणि छोटं यंत्र टेकवलं. आधी नुसती खरखर आली. मग भिंतीपलीकडच्या घरात कुणी पायाने शिलाई मशीन चालवावी तसा आवाज यायला लागला, घाईचा आणि न थांबणारा. "एकशे छप्पन्न," मॅडम म्हणाल्या. "छान आहेत." मी विचारलं, एवढे जोरात कसे? त्या हसल्या. "बाळाचं हृदय केवढंसं असतं. त्याला घाईच करावी लागते."

माझा नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याला सांगितलं तर त्याने आकडा मोबाईलवर लिहून घेतला आणि गावाकडे, कन्नडला फोन लावला. पलीकडून त्याच्या आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी विचारलेलं मलाही ऐकू आलं.

"ठोके किती सांगितले?"

"एकशे छप्पन्न."

मग त्या म्हणाल्या, "असू दे. जीव हाय ना, झालं."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला घरी आल्यावर नवऱ्याने सांगितला. दवाखान्याच्या भिंतीवर पाटी असते की इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. ते खरंच केलं जात नाही. पण ठोक्यांचा आकडा कुणी लपवत नाही. म्हणून गावाकडे बायकांनी त्या आकड्यावरच एक हिशोब बसवला आहे. ठोके एकशे चाळीसच्या वर असले तर मुलगी, खाली असले तर मुलगा. मुलीचं काळीज धडधडतं, मुलाचं सावकाश चालतं. आत्याबाईंच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणाच्या सुनेला किती निघाले होते तेही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. शंका आली की पुस्तक उघडायचं ही माझी सवय आहे. गर्भारपणावरची दोन-तीन पुस्तकं मी मागवली आणि दुपारी काउंटरला गर्दी नसताना वाचत बसले. सगळीकडे एकच लिहिलेलं होतं. मुलगा-मुलगी यांच्या ठोक्यांत फरक नसतो. सुरुवातीला ठोके जोरात असतात आणि बाळ वाढेल तसे उतरत जातात, कारण हृदयाला लगाम घालणाऱ्या नसा उशिरा तयार होतात. एकशे दहा ते एकशे साठ यांच्या मधलं सगळं ठीक. हे मी फोनवर आत्याबाईंना नीट समजावून सांगितलं.

"व्हय का," त्या म्हणाल्या. "आन् त्या पुस्तकवाल्याची बाळंतपणं किती झाली?"

नवरा हसून हसून पलंगावर आडवा झाला होता.

आत्याबाई वाईट नव्हत्या. हे मला इथेच सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचताना त्यांच्याबद्दल चुकीचं वाटेल. माझ्या मोठ्या दिरांना दोन मुली आहेत. त्या दोघींच्या वेण्या आत्याबाईच घालतात, दोघी त्यांच्याच दोन बाजूंना झोपतात. थोरल्या नातीला शाळेत कुणी मारलं म्हणून त्या काठी घेऊन मास्तरांच्या दारात गेल्या होत्या. त्यांना मुलगी नको होती असं नाही. मुलगा हवा होता. या दोन गोष्टी त्यांच्या मनात वेगळ्या होत्या, आणि मला तेव्हा तो फरक पटायचा नाही.

आकडे उतरत गेले, पुस्तकात लिहिलं होतं तसेच. आठव्या महिन्यात मॅडम म्हणाल्या, "एकशे अडतीस." त्या दिवशी फोनवर आत्याबाईंनी मला तो आकडा दोनदा म्हणायला लावला. चारच दिवसांनी त्या एसटीने आल्या, पिशवीत गावरान तूप आणि हातात डिंकाचा डबा घेऊन. आमचं घर शहराच्या कडेला, पडेगावच्या बाजूला, नव्या वसाहतीत. रिक्षातून उतरल्या त्या थेट माझ्यापाशी आल्या आणि माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "बदललं बघ. उतरलं खाली."

"आत्याबाई, ते सगळ्यांचेच उतरतात."

"उतरू दे की. तुला काय वाईट वाटतंय त्यात?"

माझं पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणे मी माहेरी वैजापूरला जायला हवं होतं, पण मॅडम शहरात, म्हणून माहेरच माझ्याकडे आलं. आई आली आणि एका स्वयंपाकघरात दोन विहिणी झाल्या. दिवसभर त्यांचं चालायचं. आईने लाडू वळायला घेतले की आत्याबाई शेजारी पाट मांडून बसायच्या आणि वैजापूरच्या कांद्यावरून तिला चिडवायच्या.

"विहीणबाई, तुमच्या वैजापूरला लाडवात बी कांदा घालत्यात का?"

"कांदा परवडला," आई म्हणायची. "तुमच्यासारखं तूप ओतलं तर माझी लेक दारातून बाहेर निघायची नाही."

"निघंल की. नातू आतून ढकलंल तिला."

आई यावर नुसती माझ्याकडे बघायची. घरात इतकं हसू मी त्या आधी ऐकलेलं नव्हतं.

शेवटच्या पंधरवड्यात मॅडमनी पट्टा लावायला सुरुवात केली. पोटावर दोन चकत्या ठेवून वरून पट्टे बांधतात. एक चकती बाळाचे ठोके ऐकते, दुसरी पोट कधी कडक होतं ते बघते. यंत्रातून कागदाची पट्टी निघत राहते. तिच्यावर दोन रेघा. वरची बाळाची, खालची गर्भाशयाची. मला ती पट्टी फार आवडली. मी इतके प्रश्न विचारले की मॅडमनी खुर्ची ओढून मला पाचेक मिनिटं शिकवणीच दिली.

"ही वरची रेघ बघ. थरथरतेय ना? तशीच हवी. फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ मला आवडत नाही. आणि इथे बघ, बाळ हललं, तर ठोके चढले. आपण जिना चढलो की आपले चढतात, तसं. चढून परत खाली आले. म्हणजे बाळ मजेत आहे."

"आणि उतरले तर?"

"कधी, किती आणि किती वेळ, त्यावर आहे. कळ आली, बाळाचं डोकं दाबलं गेलं, जरा उतरले, कळ गेली तसे वर आले, तर मी काळजी करत नाही. कळ गेल्यावर उतरायला लागले, किंवा उतरले आणि वर यायला वेळ लावायला लागले, तर करते."

मी ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आता तूच डॉक्टर हो. मला बरं वाटलं होतं. माझ्या मुलीची पहिली लिपी मला वाचता येते असं वाटलं होतं.

बुधवारी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. आत एकाच बाईला थांबता येत होतं. आईने दारातूनच माघार घेतली. "तुम्हीच जा विहीणबाई. मला हिचं कण्हणं बघवायचं नाही." आत्याबाई पदर खोचून आत आल्या आणि माझ्या उशाशी स्टुलावर बसल्या.

पट्टा बांधला. ठोके एकशे पस्तीसच्या आसपास होते. यंत्राचा आवाज सिस्टरने चालूच ठेवला, मला बरं वाटावं म्हणून. आत्याबाई डोळे मिटून तो ऐकत होत्या. कळ आली की माझा हात दाबायच्या, गेली की म्हणायच्या, "गेली बघ. आणखी एक कमी झाली."

उन्हं वर आली तशा कळा वाढल्या. मग एका कळेबरोबर आवाज एकदम मंदावला. पाय दुखून कुणी शिलाई मशीन हळू करावी तसा. मी मान वळवून यंत्राचा पडदा बघितला. नव्वद. कळ ओसरली तसा आकडा परत वर गेला. पुढच्या कळेला तसंच झालं, आणखी खाली. रेघ सरळ खड्ड्यात पडायची आणि तशीच उसळून वर यायची. सिस्टरने मॅडमना बोलावलं.

मॅडमनी सलाईनमधलं कळा वाढवायचं औषध बंद केलं, मला डाव्या कुशीवर वळवलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. "नाळ कुठेतरी दाबली जातेय," त्या मला म्हणाल्या. "कुशीवर झालीस की सुटेल. नाही सुटली तर सिझर करू. घाबरू नकोस." पुढच्या दोन कळांना खड्डा लहान झाला. त्या सिस्टरला म्हणाल्या, "थिएटर तयार ठेवा," आणि पलीकडच्या खोलीत गेल्या. तिथे एका बाईच्या बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं.

त्यानंतरची कळ मोठी होती. मी कुशीवरून पाठीवर कधी आले ते मला कळलं नाही. कळ गेली तेव्हा यंत्र नुसतं खरखरत होतं. सिस्टर चकती पोटावर इकडून तिकडे सरकवायला लागली. वर, खाली, बाजूला, दाबून. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या.

मग ठोके सापडले. स्पष्ट, एका लयीत. एकशे बारा.

"हां, आले," सिस्टर म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. तिने पट्टा घट्ट केला.

आम्ही तिघींनी ते ऐकलं. आता मध्ये एकही खड्डा नव्हता. कळ आली तर आकडा पडला नाही, उलट चढला. एकशे वीस, एकशे पंचवीस. कळ गेली की शांतपणे खाली आला. मला मॅडमनी शिकवलेलं आठवलं. जिना चढल्यासारखं. चढून परत खाली. बाळ मजेत आहे. मी आत्याबाईंना म्हणाले, "चढतायत बघा. आता छान आहेत."

"छान म्हंजे," त्या म्हणाल्या, "एवढी धावपळ झाली, पर बघ कसा शांत चाललाय. सावकाश. मी सांगत नव्हते?" त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला, मग दार जरासं उघडून बाहेर माझ्या आईला म्हणाल्या, "विहीणबाई, लागले नीट ठोके. एकशे बारा. पोराचेच हायत. पेढ्याचं सांगून ठेवा." बाहेर आई काहीतरी बोलली आणि नवरा हसल्याचा आवाज आला.

मला त्या वेळी आनंद झाला होता. कळांमध्येसुद्धा झाला होता. मी डोळे मिटून तो आवाज ऐकत होते. इतका जवळ तो मला आधी कधीच वाटला नव्हता.

मॅडम परत आल्या. हातमोजे काढता काढता त्यांनी पडद्याकडे बघितलं, पट्टी उचलून हातात घेतली, आणि थांबल्या. माझ्या उजव्या हाताला सलाईन होतं, म्हणून त्या पलंगाला वळसा घालून डाव्या बाजूला आल्या आणि माझं मनगट धरलं. दोन बोटं नाडीवर, डोळे पडद्यावर. यंत्राच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यांची मान अगदी थोडी हलत होती.

"हे बाळाचे नाहीत," त्या म्हणाल्या. "हे हिचे आहेत."

दारात उभ्या आत्याबाई म्हणाल्या, "काय म्हणाल्या? कुणाचे?"

मॅडमनी चकती ओढून खाली घेतली, खूप खाली, आणि दाबली. यंत्र गप्प झालं. मग कुठूनतरी खोलातून एक ठोका आला. मग बऱ्याच वेळाने दुसरा. पडद्यावर आकडा आला तो साठच्या आत होता.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. पलंग ढकलला जात होता. वरचे दिवे मागे जात होते. कुणीतरी नवऱ्याला म्हणत होतं, इथे सही करा, इथे, इथे. त्याचा हात माझ्या पायाला लागला आणि सुटला. मी मॅडमना म्हणाले, मॅडम, लवकर. त्या म्हणाल्या, हो बेटा. पाठीत इंजेक्शन द्यायला वेळ नव्हता. तोंडावर मास्क आला. मी मनात मोजायला लागले, पण काय मोजायचं ते मला कळेना. माझे स्वतःचे ठोके कानात वाजत होते आणि मला ते थांबवायचे होते, म्हणजे तिचे ऐकू आले असते.

शुद्धीवर आले तेव्हा नवरा शेजारी होता. तो म्हणाला, "मुलगी आहे. काचेच्या पेटीत ठेवलंय." दोन्ही गोष्टी एका श्वासात म्हणाला, एकीला दुसरीपासून तोडलं तर काहीतरी होईल असं वाटल्यासारखा.

"रडली?"

"नाही अजून. पण ठोके आलेत. त्यांनी आणलेत."

त्यांनी खरंच आणले होते. तिची छाती दाबून, नळी घालून, औषधं देऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी मला चाकाच्या खुर्चीतून तिच्यापाशी नेलं. ती गोरी नव्हती, सावळी नव्हती, तिला अजून रंग आलेला नव्हता. केस पुष्कळ होते. बोटं माझ्या आईसारखी लांब. पेटीला हात घालायला गोल खिडकी होती. मी हात घालून तिच्या तळव्याला बोट लावलं. बाळं बोट धरतात. तिने धरलं नाही. वरच्या पडद्यावर हिरव्या रंगात आकडा होता, एकशे बावन्न.

बाहेर व्हरांड्यात आत्याबाई बसलेल्या होत्या. आदल्या दुपारपासून त्या तिथून हलल्या नव्हत्या. आईने पोळी आणून दिली ती तशीच मांडीवर होती. आतून कुणीही सिस्टर आली की त्या उठायच्या.

"बाई, माझ्या नातीचे ठोके किती हायत?"

सिस्टर सांगायची. एकशे पन्नास. एकशे अट्ठेचाळीस. एकशे पंचावन्न.

"वर हायत ना? चाळीसच्या वर हायत?"

"आहेत, आजी."

"राहू दे तसेच. वरच राहू दे." मग त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि त्यांचे ओठ हलत राहायचे. माझी खुर्ची बाहेर आली तेव्हा त्यांनी माझा पाय धरला. "वर हायत बघ, पोरी. लई चांगले चाललेत. तुझ्या पुस्तकात काय लिवलंय? एवढे चालत्यात ना?"

"चालतात," मी म्हणाले. पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं.

लहान मुलांचे डॉक्टर संध्याकाळी आम्हा दोघांना बाजूला घेऊन बोलले. ते हळू बोलणारे होते. ते म्हणाले, बाळाच्या मेंदूला बराच वेळ रक्त मिळालं नाही. झटके येतायत, त्यासाठी औषध चालू आहे. श्वास मशीन घेतंय. नवरा म्हणाला, "पण ठोके चांगले आहेत ना, सर?" ते म्हणाले, "ठोके औषधावर आहेत. इतके दिवस तुम्ही ठोक्यांवरून बाळ कसं आहे ते ओळखत होता, ते बरोबर होतं. आता तसं ओळखता येणार नाही. आता ठोके चांगले आहेत म्हणजे एवढंच की ठोके चांगले आहेत."

मी त्यांना म्हणाले, माझं रक्त घ्या. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी म्हणाले, माझं काहीही घ्या. मी इतकी शांत बाई आहे की शाळेत असताना वर्गातही माझा आवाज मागच्या बाकापर्यंत कधी गेला नाही. त्या संध्याकाळी मी त्यांच्या बाहीला धरून बसले होते आणि तेच तेच बोलत होते. नवऱ्याने माझी बोटं एकेक करून सोडवली.

शुक्रवारी आकडा उतरायला लागला. एकशे तीस. मग एकशे दहा. ज्या आकड्यांच्या आनंदात आमच्या घरात लाडू वळले गेले होते त्या आकड्यांमधून ती खाली चालली होती. आत्याबाईंना सिस्टरने सांगितलं नाही, पण त्यांनी तिच्या तोंडावरून ओळखलं. त्या देवाला म्हणत होत्या, वर घे, वर घे, लेकरू हाय माझं.

मग डॉक्टरांनी विचारलं, मांडीवर घ्यायचंय का? नळ्या काढल्या. पडद्याचा आवाज बंद केला आणि तो भिंतीकडे वळवला, म्हणजे आम्हाला आकडा दिसणार नाही. ती माझ्या मांडीवर आली. ती जड होती, चांगली भरलेली, नऊ महिन्यांची पूर्ण. नवऱ्याने तिच्या पायाला हात लावून ठेवला होता. मी तिचं मनगट दोन बोटांत धरलं. ते इतकं लहान होतं की मला जे जाणवत होतं ते तिचं होतं की माझ्याच बोटांचं, ते मला कळत नव्हतं. मी विचारलंही नाही. थोड्या वेळाने डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि आमच्याकडे बघितलं.

लहान बाळांना जाळत नाहीत, पुरतात. पुरुषच जातात. नवरा आणि दीर तिला घेऊन गेले. माझे टाके ओले होते. त्याच दिवशी मला दूध आलं. ब्लाउज भिजला तेव्हा मला आधी कळलंच नाही की काय होतंय. आई उठून व्हरांड्यात जाऊन बसली. आत्याबाईंनी जुनं सुती लुगडं फाडून त्याच्या पट्ट्या केल्या आणि माझी छाती घट्ट बांधली. बांधता बांधता त्या म्हणाल्या, "म्या खालचे मागितले होते."

"काय?"

"ठोके. एकशे चाळीसच्या खालचे. रोज मागितले."

मी त्यांना सांगितलं की मागण्याने काही होत नाही. नाळेला गाठ पडलेली होती. ती महिनोन्‌महिने सैल होती आणि बाळ खाली सरकलं तशी आवळली गेली. मॅडमनी नवऱ्याला ती दाखवली होती. ठोके खालचे मागा की वरचे, गाठ तिथेच होती.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पर मागितले तर होते ना म्या."

त्यांनी शेवटची गाठ मारली आणि माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं. मी तशीच बसून राहिले.

टाके निघून बरेच दिवस झाल्यावर मी एकटी मॅडमकडे गेले. मला एकच विचारायचं होतं. माझे ठोके तिचे समजून आम्ही किती वेळ ऐकत होतो, आणि तेवढ्या वेळात ती वाचली असती का. मॅडमनी मला बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी कपाटातून ती पट्टी काढली आणि टेबलावर उलगडली. त्यांनी लपवलं नाही काही, याचं मला आजही बरं वाटतं.

मी पट्टीवर वाकले. खड्डे दिसले. त्यानंतर थोडी कोरी जागा, खरखरीची. आणि मग ती सुंदर रेघ. मी तिच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं. आता मला ते दिसत होतं. कळ येते तेव्हा आईचे ठोके चढतात, कारण दुखतं तिला. इतक्या कळांनंतर बाळाचे प्रत्येक कळेला असे नेमके चढत नाहीत. जे बघून मी आत्याबाईंना छान आहेत म्हणाले होते, तीच खूण होती. मॅडमनी पेन्सिल घेऊन कोऱ्या जागेवर बारीक रेघ मारली.

"इथपर्यंत ती," त्या म्हणाल्या. "इथून पुढे तू."

"आधी कळलं असतं तर?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "गाठ घट्ट होती. आधी कळलं असतं तर मी आधी सिझर केलं असतं, एवढं मी सांगू शकते. ती राहिली असती का, ते मला माहीत नाही. हो म्हटलं तर तुला त्रास होईल, नाही म्हटलं तर ते खोटं असू शकेल." मग म्हणाल्या, "आता आमच्याकडे पट्टा बांधायच्या आधी आईची नाडी बघतात. प्रत्येकीची. मी स्वतः उभी राहून शिकवलंय."

मी उत्तरासाठी गेले होते. ते तिथे नव्हतं, आणि दुसरीकडे कुठे असेल असंही मला वाटत नाही. सुरुवातीला मी हट्टाने शोधलं. ग्रंथालयात दुपारी जाड इंग्रजी पुस्तकं उघडून बसले, दुसऱ्यांच्या बाळांच्या रेघा बघितल्या, कुठल्या उतारातून बाळ परत येतं आणि कुठल्यातून येत नाही ते शिकले. मला वाटायचं, नीट समजलं तर मधली ती काही मिनिटं मला उघडता येतील आणि आत हात घालता येईल. समजलं सगळं. हात कुठेच पोचला नाही.

आई वैजापूरला गेली. आत्याबाई कन्नडला गेल्या. अधूनमधून फोन करतात, जेवलीस का विचारतात. मी कामावर जाते. मुलीला कुठे पुरलं ती जागा नवऱ्याने मला दाखवली आहे. तिचं नाव ठेवायचं राहिलं. घरात आम्ही दोघं आहोत.